चाळणीत न सापडलेली मगर

अलास्काच्या उत्तरेला कॉलव्हिल नदीच्या कड्यांमध्ये सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीचा गाळ आहे आणि तो निवडणे हे माझे काम आहे. बाहेरच्यांना वाटते की आम्ही मांडीएवढी हाडे खणून काढतो. प्रत्यक्षात पोत्यांतून आलेली माती भिजवायची, एकाखाली एक लावलेल्या चाळण्यांतून धुवायची, वाळवायची आणि उरलेली बारीक रेती चमचा-चमचा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने कणाकणाने निवडायची, यातच दिवस जातात. घाईतले विद्यार्थी हा चुरा कचरा समजून टाकतात, याचा मला अजूनही राग येतो. अंड्यातल्या किंवा नुकत्याच बाहेर आलेल्या डायनोसॉरांचे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे दात अशाच चुऱ्यात मिळाले आणि हे प्राणी तेथे केवळ उन्हाळ्यापुरते येत नव्हते, तर वीणही तेथेच घालत होते, असे २०२१ मध्ये त्यांच्याच आधारे मांडले गेले.

त्या दिवशी कुंचल्याच्या टोकावर आला तो जेमतेम दोन मिलिमीटरचा, किंचित वाकलेला, सुळक्यासारखा दात. शेजारच्या सहकाऱ्याने तो पाहिला आणि तो एकच शब्द बोलला : मगर.

या शब्दाने खोली का थांबली, ते सांगायला हवे. त्या काळी ही जागा ८० ते ८५ उत्तर अक्षांशांवर होती, हिवाळ्यात सुमारे चार महिने अंधार असे आणि वर्षाचे सरासरी तापमान ६ अंशांच्या आसपास होते. त्याच सुमाराच्या दक्षिणेकडील खडकांत मगरी, कासवे आणि सरडे विपुल सापडतात. आमच्याकडे डायनोसॉर भरपूर, पण यांपैकी एकही नाही. अंधार हे त्याचे कारण म्हणता येत नाही, कारण पुढे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, हवामान उबदार असताना, कॅनडाच्या एल्समियर बेटावर तितक्याच लांब रात्री असूनही मगरकुळातले प्राणी राहत होते. म्हणजे अडवले ते थंडीने, आणि ज्या थंडीत मगर टिकली नाही त्या थंडीत टिकलेले डायनोसॉर शरीरात स्वतःची उष्णता निर्माण करत असावेत. एवढा मोठा युक्तिवाद निम्मा तरी न सापडलेल्या वस्तूवर उभा आहे.

मग आम्ही तो दात फिरवून फिरवून पाहिला. मगरीच्या दाताला असते तशी दोन्ही बाजूंची उभी धार त्याला नव्हती आणि प्रकाश तिरपा धरल्यावर टोकाशी काचेसारखी पारदर्शक टोपी स्पष्ट दिसली. ती माशाच्या दाताची खूण. सर्वांना हायसे वाटले, आणि मला तेच खटकले.

एरवी असा सुळका दिसताच मी तो क्षणात माशांच्या बाटलीत टाकते, कारण मासे तेथे अपेक्षितच आहेत. या दातावर मात्र आम्ही संपूर्ण दुपार घालवली, ती केवळ कोणीतरी नको असलेले नाव उच्चारले म्हणून. शंका जर फक्त गैरसोयीच्या दातावरच घ्यायची, तर ‘मगर नाही’ या विधानाला खरे वजन किती? माशांच्या जुन्या बाटल्या पुन्हा उघडाव्यात, असे मी सुचवले आहे. प्रमुखांच्या मते त्यासाठी वेळ नाही, आणि नव्या पोत्यांची रांग पाहता ते अगदीच चूक आहेत असे म्हणता येत नाही.