चित्रीनं बे धरली, काळ्या अजून दातावरच

टेक्ससमध्ये रानडुकरांच्या शिकारीसाठी दोन पिल्लं तयार होतायत. त्यातल्या चित्रीनं (कॅटाहूला जात, ११ महिने) बे धरली, म्हणजे डुकराला न चावता भुंकून जागीच अडवलं! लाली ही दुसरी कुत्री सोबत नसताना, एकटीनं. ९० किलोच्या डुकरिणीसमोर दीड-दोन मीटरवर उभी राहून सलग भुंकली आणि एकदाही दात लावला नाही. मागच्या नोंदीत हीच चित्री दर वेळी मांडीला झोंबत होती. काळ्या (ब्लॅक माउथ कर जात, १० महिने) मात्र अजून दातांनी धरतोच.

पिल्लू धरतं, कारण डुक्कर पळतं. पाठ फिरवून धावणारं जनावर दिसलं की कर काय नि कॅटाहूला काय, कानाला नाहीतर मांडीला लागणारच. आधीचं पेन (सरावाचं कुंपण) गोल होतं आणि आत २० किलोचं डुकराचं पोर. गोल पेनमध्ये डुकराला बूड टेकायला जागा नसते. ते कडेकडेनं धावतं, कुत्रं मागे लागतं, झोंबतं, आणि डुक्कर किंचाळलं की कुत्र्याला तेच बक्षीस वाटतं. मोठी, शांत डुकरीण कोपरा मिळाला की पाठ टेकवून तोंड पुढे करते आणि जागची हलत नाही. मग पिल्लाला भुंकण्यावाचून दुसरं काही सुचत नाही. म्हणून पॅनल सोडवून चौकोनी पेन केलं, एका कोपऱ्यावर सावलीला पत्रा टाकला, पाण्याचं टब ठेवलं. सुळे आलेला नर पिल्लांसमोर अजिबात आणू नका. तो एका झटक्यात पोट फाडतो, आणि त्यातून वाचलेलं पिल्लू पुन्हा डुकराकडे फिरकत नाही.

पेनमध्ये एका वेळी एकच पिल्लू, १० मीटरच्या दोरीवर. ते फार जवळ गेलं की दोरी मागे खेचायची नाही. खेचलं की चेव वाढतो. दोरी ताठ न करता बाजूला चालत जायचं, पिल्लू आपोआप वळतं. तीन-चार मिनिटं झाली की आवाज जोरात असतानाच बाहेर काढायचं. थकेपर्यंत आत ठेवलेलं पिल्लू एकतर गप्प होतं, नाहीतर दात वापरतं. धरल्यावर कौतुकाचा एक शब्दही नको, कुंपणाबाहेरच्या पाहुण्यांचासुद्धा.

काळ्याच्या बाबतीत एक गोष्ट हे लिहिताना जुळली: कुंपणापलीकडे चित्री भुंकत असते तेव्हाच तो जास्त झोंबतो. म्हणजे डुकरापेक्षा चुरस त्याला पेटवते. दोघांना एकत्र जंगलात सोडायचा बेत त्यामुळे रद्द. काळ्याच्या पाळीला चित्री गाडीतल्या पेटीत, नजरेआड आणि आवाजाच्या पल्ल्याबाहेर. तरीही धरत राहिला, तर त्याला कॅच डॉग (डुकराला दातांनी धरून ठेवणारं कुत्रं) म्हणून तयार करायचा विचार करावा लागेल, पण ते वय दीड वर्ष झाल्यावर.

माग काढायच्या सरावासाठी रानडुकराचं कातडं ओढणं बंद करा. रानटी डुकरांत स्युडोरेबीज हा विषाणूचा रोग असतो, आणि कुत्र्याला झाला तर त्यावर उपचार नाही. कच्चं मांस, कातडं, आतडी काहीच तोंडाला लागू देऊ नये. रक्त तपासलेल्या डुकरिणीच्या अंथरुणातला पेंढा गोणपाटात बांधून २०० मीटर ओढला आणि अर्ध्या तासानं पिल्लू सोडलं, तर काम तितकंच चांगलं होतं. पेनसाठी रानातून डुक्कर पकडून गाडीत घालायचं नाही. टेक्ससमध्ये जिवंत रानडुक्कर मान्यता नसलेल्या जागी नेता येत नाही.

कुत्र्याला सुळ्यांपासून वाचवणाऱ्या जॅकेटबद्दल: स्वस्तातल्या एका जॅकेटची छातीची शिवण काट्यांत उसवली. छातीवर आणि मानेवर केव्हलारचे (न फाटणाऱ्या चिवट कापडाचे) थर हवेत, पाठ मोकळी. पूर्व टेक्ससच्या दमट उकाड्यात पूर्ण झाकलेलं कुत्रं लवकर तापतं. ४१ अंशांच्या वर गेलं की जिवावर बेततं. सूर्योदयाआधी सोडा, पाणी सोबत असू द्या. सुळ्याची भोसक बाहेरून बोटाएवढी दिसते पण आत खोल असते. सलाइननं धुवा, उघडी ठेवा, डॉक्टरकडे न्या. वरून स्टेपल मारलं की आत पू साचतो.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांना: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडे रानडुकरावर कुत्री घालणं गुन्हा आहे. कारवानी कुत्र्याला हाक मारल्यावर परतायला शिकवण्यापुरताच यातला लांब दोरीचा भाग घ्या.

चित्रीला आता जंगलात लालीच्या मागे, जीपीएस कॉलरसह. हरणाच्या मागावर गेली की लगेच परत बोलवायची, कारण इथे हरणामागे कुत्रं सोडणं बेकायदा आहे. कॉलरच्या टोनवर (आवाजाच्या इशाऱ्यावर) परतणं पक्कं होईपर्यंत ती दोरीवरच राहील.