तुम्ही विचारलेत म्हणून: 'हाऊ ऑफन' आणि 'हाऊ मेनी टाइम्स'

"'हाऊ ऑफन' काय आणि 'हाऊ मेनी टाइम्स' काय, दोन्हींचा अर्थ 'किती वेळा' असाच ना? मग तुम्ही दर वेळी अडवता कशाला?" भाषांतराच्या कामातले सहकारी हे विचारतात, इंग्रजी शिकणारे विचारतात, आणि घरचेही विचारतात. आजवर मी हसून विषय बदलत आले. या वेळी उत्तर देते.

आपले 'किती वेळा' दोन्ही कामे निमूटपणे करते, म्हणून फरक जाणवत नाही. 'हाऊ ऑफन' विचारणाऱ्याला एखादी गोष्ट कोणत्या गतीने घडत राहते हे हवे असते: रोज, एक दिवसाआड, आठवड्यातून दोनदा, क्वचित. 'हाऊ मेनी टाइम्स' विचारणाऱ्याला मोजणी हवी असते, आणि मोजणीला हद्द लागते. ती हद्द कधी शब्दांनी घातलेली असते, जसे 'गेल्या महिन्यात', तर कधी क्रियापदाचा काळच ती घालतो. 'हाऊ मेनी टाइम्स हॅव यू मेट हिम' या प्रश्नात 'आतापर्यंत' वेगळे लिहावे लागत नाही. हद्द न घालता 'हाऊ मेनी टाइम्स डू यू एक्सरसाइज' एवढेच विचारले, तर ऐकणारा थबकतो. 'हाऊ फ्रीक्वेन्टली' हे 'हाऊ ऑफन'चेच कागदोपत्री रूप आहे. 'हाऊ रेग्युलरली' मात्र फसवे, कारण वर्षातून एकदाच, पण ठरल्या दिवशी होणारी गोष्टही नियमितच असते.

हे कीस काढणे नव्हे, असे मी का म्हणते ते सांगते. एका आरोग्य सर्वेक्षणाची इंग्रजी प्रश्नावली तपासायला माझ्याकडे आली होती. मसुद्यात 'हाऊ ऑफन डू यू हॅव हेडेक्स' असा प्रश्न होता आणि त्याखाली निवडीचे पर्याय होते. सोपी भाषा हवी म्हणून वरिष्ठांनी त्याचे 'हाऊ मेनी टाइम्स डू यू गेट अ हेडेक' असे केले आणि पर्याय काढून रिकामी चौकट ठेवली. कालावधी तरी लिहा, नाहीतर जुना प्रश्न राहू द्या, एवढेच मी बैठकीत म्हटले. "आजारी माणूस व्याकरण तपासत बसत नाही," असे वरिष्ठ म्हणाले आणि सगळे हसले. आदल्या दिवशी माझ्याशी पूर्ण सहमत असलेली, शेजारी बसलेली सहकारीही हसली. त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो गेल्याचे सोंग मी करणार नाही. भरलेले कागद परत आले तेव्हा चौकटींत नुसते 'दोन', 'पाच', 'दहा' होते. पाच म्हणजे दिवसातून, महिन्यातून, की जन्मापासून? जुनाट अर्धशिशीच्या आंतरराष्ट्रीय निकषात महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस डोके दुखणे, आणि हे ३ महिन्यांहून जास्त काळ चालणे, अशी अट आहे. तिथे दिवस मोजतात. सलग तीन दिवस दुखलेले डोके वेळांच्या हिशेबात एकदाच दुखलेले असते. त्या पाचांचे कोणी काय करायचे?

आता दुसरी बाजू, कारण ती मलाच छळते. पूर्वी मी शिकवताना ठामपणे सांगत असे, की 'हाऊ ऑफन' सवयीसाठी आणि 'हाऊ मेनी टाइम्स' मोजणीसाठी. पण 'हाऊ मेनी टाइम्स अ वीक' सरळ सवयच विचारते. नैराश्याची चाचपणी करणारी, २००१ साली प्रसिद्ध झालेली पीएचक्यू-९ ही प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांची हद्द घालून 'हाऊ ऑफन' विचारते, आणि तिची उत्तरे 'अजिबात नाही', 'काही दिवस', 'निम्म्याहून अधिक दिवस', 'जवळजवळ रोज' अशी आहेत. आणि 'हाऊ मेनी टाइम्स हॅव आय टोल्ड यू' म्हणून आई रागावते तेव्हा तिला आकडा ऐकायचा नसतो. माझ्यातली जुनी शिक्षिका यावर म्हणते, की पीएचक्यू-९ हद्द घालूनही नग मोजत नाही, त्या मुदतीत त्रास किती दाट होता ते विचारते. तिचे म्हणणे मला निम्मे पटते.

त्या सहकारीशी पुढे याच विषयावर बोलणे झाले. तिच्या मते दोष शब्दांचा नव्हताच. पर्याय ठेवले असते तर कोणत्याही प्रश्नाने काम भागले असते, आणि पर्यायांशिवाय 'हाऊ ऑफन' विचारले असते तरी लोकांनी 'अधूनमधून' लिहून हात झटकले असते. हे खोडून काढण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. माझे म्हणणे एवढेच, की 'हाऊ ऑफन' लिहिलेले होते तोवर त्याखाली पर्याय हवेत हे कोणाला सांगावे लागले नव्हते. 'हाऊ मेनी टाइम्स' लिहिले गेले आणि त्याच बैठकीत रिकामी चौकट सुचली. तिला हा योगायोग वाटतो.