ग्रॅनाइटच्या मांडवाखाली

"अगं, हा तर आपलाच मांडव!" म्हणत बाबा रस्त्यातच थांबले.

स्पेनच्या वायव्य टोकाला गलिसिया, तिथलं कांबादोस गाव, जुलैची दुपार. शेतात डोक्याच्या वर जाणारे ग्रॅनाइटचे खांब, त्यांवर तारा आणि तारांवर पसरलेल्या द्राक्षवेली. निफाडला आमच्या बागेत लोखंडी अँगल आहेत, इथे दगड, एवढाच फरक. बाबांनी सवयीप्रमाणे पान उलटं करून डावणी हा बुरशीरोग शोधला. सापडला नाही, पण हवा ओली आहे हे त्यांनी लगेच ओळखलं.

वाइनरीतल्या बाईंनी सांगितलं की समुद्राचा दमटपणा इथला कायमचा शत्रू. म्हणून वेल जमिनीपासून उंच चढवायची, खालून वारा खेळला पाहिजे. आल्बारिन्यो द्राक्षाचे मणी बारीक आणि सालीला जाड, त्यामुळे ते ओलावा सोसतं. पूर्वी याच मांडवाखाली कोबी-बटाटेही लावत. बाबा हे सगळं फार मन लावून ऐकत होते.

मग ग्लास आला. आधी लिंबाच्या सालीसारखा वास, मग जिभेच्या दोन्ही कडांना आंबटपणा आणि घोट गेल्यावर किंचित खारटपणा. उन्हाळ्यात आपण पन्हं, कोकम सरबत पितो ते उगाच नाही. गोडाने तहान वाढते, आंबटाने तोंडाला पाणी सुटतं आणि जीव थंड होतो. गरमीत वाइन निवडताना मी आता हेच आधी पाहते. बाटली बर्फात किती वेळ ठेवली हा प्रश्न नंतरचा. उलट फार गार केली की वास मुका होतो; आठ-दहा अंशांवर ती बोलते. सोबत खाडीतल्या तराफ्यांवर वाढवलेले शिंपले आले, नुसते वाफवलेले. त्यांच्यावर लिंबू पिळायची गरजच पडली नाही, ते काम वाइनने केलं.

दुसऱ्या दिवशी मिन्यो नदी ओलांडून पोर्तुगालमध्ये, मोन्साँवला गेलो. द्राक्ष तेच, फक्त नाव आल्वारिन्यु. पण हा भाग समुद्रापासून आत, डोंगरांच्या आडोशाला, ऊन जास्त. त्यामुळे इथली वाइन अंगाने भरलेली, पिकल्या पीचच्या वासाची. नदीच्या दोन काठांवरचा हा फरक एकाच जेवणात चाखायला मिळाला, हे माझं भाग्य.

मोन्साँव हा विन्यु वेर्द या वाइन-प्रदेशाचाच भाग. या प्रदेशाची हद्द १९०८ साली ठरली. पलीकडच्या रिआस बाइशासला, म्हणजे कांबादोस ज्यात येतं त्या वाइन-प्रदेशाला, अधिकृत दर्जा मिळाला तो १९८८मध्ये. 'वेर्द' म्हणजे हिरवा, पण रंग नव्हे, कोवळेपणा. दक्षिणेला लिमा नदीच्या खोऱ्यात लोरेइरु द्राक्ष जास्त. त्याची वाइन फुलांच्या वासाची, हलकी, बऱ्याचदा दहा-अकरा टक्के अल्कोहोलच्या आसपास, काहींत जिभेला टोचणारे बारीक बुडबुडे. भर दुपारी प्यायची तर मी हीच घेईन आणि लेबलवर सर्वांत नवं साल बघेन. आल्बारिन्यो मात्र चांगल्या घरची असेल तर दोन-चार वर्षं जुनीही चालते, मासळीच्या जेवणाला तीच हवी. स्पेनच्या आतल्या पठारावर रुएदाला वेर्देखो हे द्राक्ष पिकतं. दिवसा उष्मा, रात्री गारवा, म्हणून तिथे तोडणी बहुतेक रात्रीच. त्याच्या वाइनच्या शेवटी बडीशेपेची आठवण आणि सुखद कडवटपणा असतो. पण तिथवर आम्हाला जाता आलं नाही, ती मी मोन्साँवच्या वाटेवर घेतलेल्या एका बाटलीतून ओळखते.

संध्याकाळी एका घराच्या अंगणातल्या मांडवाखाली बसलो होतो. बाबांनी दोनच घोट घेतले. ग्लास बाजूला ठेवून ते उठले आणि खांबापाशी गेले. वेल तिथे सुतळीने नव्हे, वाळुंजाच्या फांदीच्या सालीने बांधली होती.

"इकडे ये," ते म्हणाले, "ही गाठ कशी मारलीय, तिचा जवळून फोटो काढ."