तबकडी फिरवणारा माणूस

हिप-हॉपच्या जुन्या काळाविषयी माझ्या वयाचे लोक बोलायला लागले, की तक्रारी ठरलेल्या असतात. आताच्या रॅपरांचे शब्द कळत नाहीत, आवाजावर यंत्राचा मुलामा असतो, गाणे दोन मिनिटांत संपते आणि सगळा भर गाडी, साखळी आणि बूट यांवर असतो. यांपैकी बहुतेक तक्रारी मला पटत नाहीत. साखळ्या आणि बूट तेव्हाही होते; १९८६ मध्ये रन-डीएमसी या गटाने आपल्या आदिदास बुटांवर आख्खे गाणे केले होते, आणि शब्द तर सोलापुरात बसून ऐकताना मला तेव्हाही निम्मे कळत नव्हते. मला चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. तबकडी फिरवणारा माणूस, म्हणजे डीजे, मधल्या काळात या संगीतातून जवळजवळ निघून गेला, आणि जुन्या गाण्यांची आठवण ठेवण्याचे जे काम तो करत असे, तेही त्याच्याबरोबर गेले.

या संगीताचा जन्म सांगताना ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख सांगतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्याआधी एक नाचाचा कार्यक्रम ठेवला होता आणि तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क, उभा होता. हे कुटुंब जमैकाहून आलेले असल्याने मोठमोठे स्पीकर रस्त्यावर मांडून गाणी वाजवण्याची तिकडची रीत हर्कने लहानपणी पाहिली होती. त्याच्या लक्षात आले की गाण्यात गायक आणि बाकीची वाद्ये थांबून फक्त ढोल वाजतात, त्या काही क्षणांसाठी नाचणारे वाट पाहत थांबतात. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलांवर, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या यंत्रांवर, ठेवल्या आणि एकीवरचा तो तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू करून ते काही क्षण हवे तितके लांबवले. मायक्रोफोनवरून नाचणाऱ्यांची नावे घेणारा, चार ओळी टाकणारा त्याचा मित्र कोक ला रॉक हा त्या रात्री जोडीला होता. मुख्य माणूस हर्कच होता. आपली गाणी कोणती हे स्पर्धकांना कळू नये म्हणून तो तबकड्यांवरची लेबले पाण्यात भिजवून काढून टाकत असे. आठवण हे त्याचे भांडवल होते आणि ते तो राखून होता.

त्या काळातल्या गटांच्या नावांतही हा मान दिसतो. ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याचे फ्युरियस फाइव्ह, एरिक बी. आणि रकीम, डीजे जॅझी जेफ आणि फ्रेश प्रिन्स: सर्वत्र तबकडीवाल्याचे नाव आधी आणि शब्दवाल्याचे नंतर. मात्र डीजेची हकालपट्टी पहिल्याच मोठ्या यशाबरोबर सुरू झाली होती, हे आपण सोयीने विसरतो. १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ या जवळपास १५ मिनिटांच्या गाण्याने रॅप जगभर नेला, तेव्हा त्यात डीजे नव्हताच. शिक या गटाच्या ‘गुड टाइम्स’ची चाल स्टुडिओतल्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतली होती. १९८२ च्या ‘द मेसेज’वर ग्रँडमास्टर फ्लॅशचे नाव मोठ्या अक्षरांत आहे, पण त्या ध्वनिमुद्रणात त्याचा हात नाही. त्यामुळे ‘आमच्या वेळी सगळे शुद्ध होते’ असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

आमच्यापर्यंत हे सारे आले ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी, केबलवरून आणि कॅसेटमधून. नवी पेठेतल्या दुकानात रिकामी कॅसेट नेऊन दिली की दुकानदार हिंदी-मराठी गाणी भरून देत असत, पण रॅप त्यांच्याकडे नव्हता. तो पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या आतेभावाकडून येई. नकलेची नक्कल केलेली ती कॅसेट असे, वर पेनाने लिहिलेली नावे निम्मी चुकीची. उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला की आमच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल पडे आणि सारे गाणे एक-दोन सूर खाली उतरून संथ चाले. अमेरिकेत ह्यूस्टनचा डीजे स्क्रू मुद्दाम गाणी अशीच संथ करून त्यांच्या कॅसेटी विकत असे आणि त्यावर तिकडे एक अख्खी शैली उभी राहिली, हे मला फार नंतर कळले. आम्हाला ती सोलापूरच्या मे महिन्याने फुकट करून दिली होती.

इंग्रजी शब्द डोक्यावरून जात असल्यामुळे मी खालचे संगीत ऐकत राहिलो, आणि त्यातूनच मला या कलेची खरी ओळख झाली असे मला वाटते. पीट रॉक आणि सी. एल. स्मूथ यांचे १९९२ चे एक गाणे आहे, ट्रॉय डिक्सन या अपघाती गेलेल्या तरुण मित्राच्या आठवणीत केलेले. त्यातला सॅक्सोफोनचा तुकडा टॉम स्कॉट या वादकाच्या साठच्या दशकातल्या तबकडीतून उचललेला आहे. ज्या काळाला आज आपण सुवर्णकाळ म्हणून आठवतो, त्या काळातली विशी-बाविशीची मुलेसुद्धा अशी आई-वडिलांच्या कपाटातल्या तबकड्या काढून मागच्या पिढीची आठवण काढत बसली होती. नॅस या रॅपरचा ‘इलमॅटिक’ हा संग्रह १९९४ च्या एप्रिलमध्ये आला तेव्हा तो २० वर्षांचा होता. त्यातल्या एका गाण्याखाली अहमद जमाल यांचा पियानो आहे आणि दुसऱ्याच्या शेवटी नॅसचे स्वतःचे वडील ओलू डारा कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखे वाद्य वाजवतात. गँग स्टार या गटाचा डीजे प्रीमियर याच्याकडे तर ध्रुवपद सहसा गायलेले नसे. इतर रॅपरांच्या तबकड्या हाताने पुढे-मागे घासून, त्यांतल्या ओळी तोडून, एकापुढे एक लावून तो त्यांतून ध्रुवपद रचत असे. आमच्या जिल्ह्यात, पंढरपूरच्या वाटेवर कुठेही कीर्तनाला बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. बुवा आपला मुद्दा मांडतात आणि लगेच तुकोबांचे किंवा नामदेवांचे प्रमाण देतात. ऐकणाऱ्याला तो अभंग आधीच ठाऊक असतो आणि ती ओळख पटण्यातच अर्धा आनंद असतो. प्रीमियरचे घासणे हे असेच प्रमाण देणे होते.

ही ओळख आमच्या घरात एकदा अनपेक्षितपणे पटली. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेचे ‘ॲडिक्टिव्ह’ नावाचे गाणे गाजत होते, त्यात रकीमचा रॅप होता आणि संगीत डीजे क्विकचे होते. मी ते मोठ्याने लावले असताना स्वयंपाकघरातून आई बाहेर आली आणि म्हणाली, “अरे, ही लताबाईच आहे ना? हे मध्येच का तोडलंय रे?” आवाज लता मंगेशकरांचाच होता, १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटातले ‘थोडा रेशम लगता है’ त्यात जवळजवळ पूर्ण वाजते आणि त्याभोवती अमेरिकन ताल बांधलेला आहे. मी या संगीताविषयी जेवढे वाचले होते त्याचा त्या क्षणी काही उपयोग झाला नाही. विविध भारती ऐकत पोळ्या लाटणाऱ्या बाईला मूळ तबकडी माझ्या आधी सापडली होती. त्या गाण्याच्या श्रेयात संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव नव्हते आणि ते प्रकरण अमेरिकेतल्या न्यायालयात गेले. आईचे मत स्पष्ट होते: “नाव घालायला काय पैसे पडतात?”

प्रत्यक्षात पैसे पडतात, आणि या संगीताचा चेहरा बदलण्यामागे तेच मोठे कारण आहे. डिसेंबर १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरने गिल्बर्ट ओसुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरल्याबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला आणि त्या निकालपत्राची सुरुवात ‘चोरी करू नकोस’ या बायबलमधल्या आज्ञेने केली. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची परवानगी घेणे आणि किंमत मोजणे भाग पडले. त्याआधी पब्लिक एनिमीसारखे गट एका गाण्यात कितीतरी तबकड्यांचे तुकडे एकावर एक रचत असत. नंतर तसे करणे केवळ फार श्रीमंतांना शक्य राहिले. डे ला सोल या गटाची शिक्षा सर्वांत लांबली. १९८९ चा त्यांचा पहिला गाजलेला संग्रह परवानग्यांच्या गुंत्यामुळे वर्षानुवर्षे स्ट्रीमिंगवर येऊ शकला नाही. तो मार्च २०२३ मध्ये आला, आणि गटातला डेव्हिड जॉलिकर त्याच्या काही आठवडे आधीच वारला होता. एक पिढी अशी गेली की तिच्या फोनवर तो संग्रह अस्तित्वातच नव्हता. जुने कुणी ऐकत नाही म्हणून मुलांना बोल लावताना एवढे तरी ध्यानात घ्यावे.

यंत्रांचाही भाग होता. १९८७ मध्ये आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पलर यंत्रात, म्हणजे तबकडीवरचा तुकडा साठवून हवा तेव्हा वाजवणाऱ्या यंत्रात, एकूण १० सेकंदांच्या आसपासच आवाज मावत असे. म्हणून मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या वेगाची तबकडी ४५ वर फिरवून आवाज भरायचा आणि नंतर यंत्रात तो पुन्हा संथ करायचा, अशी युक्ती लोकांनी काढली; त्या काळच्या ढोलांना जो खरखरीतपणा आहे तो या काटकसरीतून आला. आता फोनमध्येही जागेची टंचाई नाही आणि ताल आयता मिळतो. त्याला मी वाईट म्हणणार नाही. आयता ताल ज्याने बनवला त्याने आधी काय ऐकले होते, हे त्यात ऐकू येत नाही, एवढेच.

आमच्या शहरात डीजे म्हटले की मिरवणुकीपुढे ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते आणि बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. बाळीवेशीसारख्या दाट वस्तीत खिडकीची तावदाने थरथरतात तेव्हा मीही वैतागतो. पण हर्कने जमैकाहून आणलेली रीत नेमकी हीच होती: रस्ता, भिंतीएवढे स्पीकर आणि छातीत घुमणारा ढोल. आमच्या भिंतीमागे मात्र पेन ड्राइव्ह असतो. गर्दी कुठे थांबते, कुठे उसळते हे पाहून हाताने ताल लांबवणारा माणूस तिथे नसतो, आणि आवाजाची पातळी हेच एक कसब उरते.

‘पोवाडा हाच आमचा रॅप’ असे हल्ली सहज म्हटले जाते. अभिमान ठीक आहे, पण पोवाडा वीरकथा सांगतो आणि त्याची बांधणी वेगळी आहे. साम्य शोधायचेच तर ते कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात शोधावे. एका फडाने भेदिक कोडे घालायचे आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे त्याच चालीत उत्तर द्यायचे, नाहीतर हार पत्करायची. उत्तर पेशवाईतले शाहीर राम जोशी सोलापूरचेच होते आणि अमर शेख बार्शीचे, तेव्हा या मातीला जोडलेल्या शब्दांचे वावडे नाही. मराठी रॅपमध्ये मला सर्वांत जवळचे वाटलेले काम मात्र मुंबईच्या स्वदेशी या गटाचे आहे. २०१९ मध्ये त्यांनी वारली समाजाच्या लढ्यावरच्या गाण्यात आरेच्या जंगलातले कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज घेतला. नव्या शब्दांच्या मध्ये जुन्या माणसाचा आवाज आला की मला प्रीमियर आठवतो.

माझा भाचा सोलापूरच्या पूर्व भागात राहतो आणि रॅप करतो. खोलीत आवाज घुमू नये म्हणून त्याने भिंतींवर घरच्याच चादरी टांगल्या आहेत, आणि सोलापुरी चादर हे काम चोख करते, हे मी स्वतः ऐकले आहे. त्याच्या ओळींत मराठी, तेलुगू आणि दखनी अशी मिसळ असते, जी माझ्या पिढीला सुचलीच नव्हती. आम्ही न्यूयॉर्कच्या मुलांचे उच्चार गिरवण्यात धन्यता मानत होतो. स्वतःच्या गल्लीच्या बोलीत बोलण्याची हिंमत २०१५ मध्ये डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या रॅपरांच्या गाण्यानंतर या मुलांत आली आणि ती आमच्या साऱ्या कॅसेटींपेक्षा मोलाची आहे. त्याच्या गाण्यांत बायकांविषयी जे शब्द येत नाहीत, ते माझ्या आवडत्या जुन्या संग्रहांत सर्रास आहेत, हेही मी त्याला सांगितले आहे.

गेल्या दिवाळीत मी आईच्या कॅसेटींचा खोका त्याच्यापुढे ठेवला. त्याने त्यातली एक लोकगीतांची कॅसेट निवडली, गायक श्वास घेतो तिथला ढोलकीचा तुकडा काढला आणि फिरवून लावला. हर्कविषयी त्याला मी काही सांगितले नव्हते. “मामा, हे कुणाला विचारून वापरायचं?” असे त्याने विचारले. त्यावर मी त्याला ग्रेगरी कोलमनची गोष्ट सांगितली. १९६९ मधल्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात त्याने वाजवलेला काही सेकंदांचा ढोल पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. २००६ मध्ये तो वारला, तोवर त्याला त्यातून मानधन म्हणून काही मिळाले नव्हते. आमच्या कॅसेटच्या वेष्टनावर कंपनीचे नाव आहे, गायिकेचे आहे, गीतकाराचे आहे. ढोलकी कोणी वाजवली ते छापलेले नाही. भाच्याचे म्हणणे, कंपनीला पत्र लिहू. माझे म्हणणे, आधी वादक शोधू, कारण श्रेयात त्याचे नाव गेले नाही तर आई पुन्हा तोच प्रश्न विचारील.