बाबा, पिवळी पट्टी आणि कलम १७५२

बाबा एकतीस वर्षं पोलीस खात्यात होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर बंदोबस्ताची दोरी धरलेला माणूस, पण व्हाइट हाउस बघायला नेलं तर रस्त्यावरची पिवळी पट्टी उचलून सरळ फोटो काढायला आत! कोणाचा तरी ताफा यायचा होता. पोलिसानं हात वर करून ओरडल्यावर निमूट मागे फिरले. मेट्रोत बसल्याबसल्या पहिला प्रश्न: "कलम कुठलं लागलं असतं गं?"

घरी येऊन शोधलं. अमेरिकेच्या फौजदारी संहितेचं, म्हणजे टायटल १८ चं, कलम १७५२. व्हाइट हाउस आणि त्याचं आवार, उपराष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान, शिवाय सीक्रेट सर्व्हिसचं, म्हणजे राष्ट्राध्यक्षांसारख्यांची सुरक्षा बघणाऱ्या यंत्रणेचं, संरक्षण असलेली व्यक्ती जिथे आहे किंवा यायची आहे अशी अडवलेली कुठलीही जागा. तिथे परवानगीशिवाय जाणूनबुजून शिरलात तर एक वर्षापर्यंत कैद. जवळ घातक शस्त्र असेल तर दहा.

"पण आत कोण येणार होतं ते मला काय माहीत?"

नेमका हाच मुद्दा कोय ग्रिफिननं कोर्टात मांडला होता. न्यू मेक्सिकोतल्या एका काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, हा निवडून आलेला कमिशनर (पोलीस नव्हे). ६ जानेवारी २०२१ ला, ट्रम्पसमर्थकांच्या जमावानं कॅपिटलवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, हल्ला केला त्या दिवशी, तो भिंत चढून आवारात गेला. इमारतीत नाही, आवारातच. आवार बंद होतं कारण उपराष्ट्राध्यक्ष पेन्स आत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये अपील कोर्टानं दोन विरुद्ध एक असा निकाल दिला: जागा बंद आहे हे माहीत असलं की पुरे, कशासाठी बंद आहे हे माहीत असायची गरज नाही.

मला तिसऱ्या न्यायाधीशांचं पटतं. पेन्स तिथे नसते तर हे कलम लागलंच नसतं. मग ज्या गोष्टीमुळे साधी घुसखोरी केंद्राचा गुन्हा होते, तीच आरोपीला ठाऊक नसली तरी चालेल? बाबा मात्र उसळले. "बंदोबस्त कोणासाठी आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत बसलो तर झालाच बंदोबस्त!" गंमत म्हणजे बहुमताच्या निकालातही याच धर्तीचा विचार आहे.

मग कलम २३१ निघालं, दंगलीचं. नुसता जमाव पुरत नाही. तीन किंवा जास्त जणांच्या जमावाची हिंसा हवी, त्यातून इजा किंवा नुकसान, निदान तसा तातडीचा धोका हवा. अशा वेळी पोलिसाच्या किंवा अग्निशमनवाल्याच्या कामात अडथळा आणला तर पाच वर्षांपर्यंत. "आमच्याकडे बेकायदेशीर जमावाला पाच लागतात, इथे तिघांत भागतं!" बाबा खूश. हे कलम १९६८ च्या नागरी हक्क कायद्यातून आलं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरातच, ११ एप्रिलला, त्यावर सही झाली. घरमालकानं वर्ण किंवा मूळ देश बघून घर नाकारू नये, हेही त्याच कायद्यात आहे. आम्ही राहतो तो फ्लॅट भाड्याचाच.

"त्या ग्रिफिनचं पुढे काय झालं?"

१४ दिवसांची कैद झाली, कमिशनरपद गेलं, आणि २० जानेवारी २०२५ ला त्या हल्ल्यातल्या बाकीच्यांबरोबर ट्रम्पकडून माफीही मिळाली.

"म्हणजे चार्जशीट, साक्षी, अपील..." बाबांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि फोन पुढे केला. फोटोत व्हाइट हाउस नव्हतंच. पिवळी पट्टी होती आणि त्या पोलिसाचा पंजा.