गॅलरीतला दोडका

आमची ठाण्यातली गॅलरी चौथ्या मजल्यावर, पूर्वेला, जेमतेम 8 फूट लांब. ऊन सकाळी 7 ते 11, बस.

पहिल्या वर्षी नर्सरीतून नुसती लाल माती आणली, कुंड्या गच्च भरल्या आणि टोमॅटो लावले. महिनाभरात माती विटेसारखी घट्ट झाली. घातलेलं पाणी कडेकडेने थेट खालच्या ताटलीत उतरायचं. मधला गोळा कोरडाच. टोमॅटो धरले, पण एकेकाचा बुडखा काळा पडत गेला. कीड समजून मी निंबोळी तेल फवारत राहिले. कीड नव्हतीच. पाणी कधी कमी, कधी जास्त झालं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही आणि तिथे ते सडतं, हे फार उशिरा कळलं. शेवटी झाड उपटलं, तर मुळं कुंडीच्या आतून गोल गोल फिरलेली, मधल्या मातीत एकही शिरलेलं नाही. ते बघून फार वाईट वाटलं. जमिनीतलं झाड लांब मुळं पसरून आपली सोय बघतं, कुंडीतलं कुठे जाणार?

मग आधी मातीच्याच मागे लागले. सोसायटीतल्या पर्जन्यवृक्षाचा बारीक पाला झाडणाऱ्या मावशींनी दोन पोती भरून ठेवला. भोकं पाडलेल्या पिंपात पाल्याचा एक थर, भाज्यांच्या देठांचा आणि चहाच्या चोथ्याचा एक थर, मधूनमधून आंबट ताकाचा शिपका. तीन महिन्यांनी हातात आलं ते काळंभोर, मोकळं खत. पहिल्या पावसाचा वास असलेलं. दोन भाग हे खत, एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मूठभर निंबोळी पेंड. रंगाच्या 20 लिटरच्या बादल्यांना तापल्या सळईने भोकं पाडून त्यांत भरलं. अशी बादली मी एकटी सरकवू शकते. नुसत्या ओल्या मातीची 30 किलोच्या वर गेली असती.

मेथी, पालक, मिरची सहज आली. जूनमध्ये दोडका लावला. वेल ग्रिलवरून बाहेर ऊन शोधत गेला, नरफुलांचे घोस आले, मग मागे बोटभर दोडका असलेली मादीफुलं. पण ती पिवळी पडून गळायला लागली. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, आणि तेव्हा आमच्या गॅलरीत मधमाशी काय, पतंगही दिसत नव्हता. रोज साडेसहाला मी नरफूल तोडायचे, पाकळ्या मागे सारून परागकण मादीफुलावर हलकेच टेकवायचे. तिसऱ्या दिवशी देठाजवळचा दोडका हिरवागार आणि जाड झालेला दिसला, आणि मी सासूबाईंना हाका मारत आत धावले.

आठवड्याने तो काढला. भाजी चौघांना दोन-दोन घास आली. शिरांची चटणी सासूबाईंनी तीळ घालून केली, ती मात्र दोन दिवस पुरली.