आजोबांच्या फोनोसाठी मोटर शोधताना : पुणे ते मटन स्ट्रीट

गौरीच्या दिवशी फोनोला, म्हणजे चावीच्या ग्रामोफोनला, चावी देताना आत धाडकन आवाज झाला आणि चावी सैल फिरायला लागली. फोनो आजोबांचा, एचएमव्ही कंपनीचा १०२ नंबरचं मॉडेल, पेटीसारखा मिटणारा. नुसती स्प्रिंग तुटली असती तर नवी घालून भागलं असतं, पण तुटताना बसलेल्या हिसक्याने चाकाचे चार दातेही उडाले होते. म्हणजे स्प्रिंगवर चालणारी अख्खी मोटरच हवी.

आधी पुण्याचा जुना बाजार पालथा घातला, एक रविवार आणि एक बुधवार. सुयांच्या डब्या मिळाल्या, मोटर नाही. मग शनिवारी डेक्कन क्वीनने मुंबई गाठली. सीएसएमटीहून लोकलने सँडहर्स्ट रोड, तिथून चालत मटन स्ट्रीट, म्हणजेच चोर बाजार. शुक्रवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात. अकराच्या आधी पोचूनही उपयोग नाही.

पहिल्या तीन दुकानांत चकचकीत पितळी भोंग्यांचे ग्रामोफोन होते. खोकं नवं, भोंगा नवा, आत मात्र एखादा जुना पोर्टेबल मोडून काढलेली मोटर. मला ते बघवत नाही. वाजणारं यंत्र मोडायचं आणि दिवाणखान्यात ठेवायची शोभा बनवायची! मोटरसाठी म्हणून असला नग घेऊ नका, आत कुठली मोटर निघेल याचा भरवसा नाही.

चौथ्या दुकानात चाचांनी मोटरींचं पोतंच ओतलं. "एक सौ एक का लगा दो, चल जाएगा." १०१ हे मॉडेल १९२५ चं, १०२ निघालं १९३१ मध्ये. दिसायला भावंडं, पण आतली मोटर वेगळी. मी मोटरबोर्डाचा, म्हणजे मोटर ज्या फळीला बसते तिचा, कागदी खाका कापून नेला होता. तो ठेवून बघितला तर स्क्रूची भोकं जुळेनात, आणि चावीचा दांडा पेटीच्या भोकापेक्षा बोटभर खाली. पेटीला ड्रिल लावायचा विचारही करू नका, एकदा पाडलेलं भोक बुजत नाही. खाका न्याच, शिवाय जुनी मोटर, टर्नटेबल (तबकडी ठेवायची फिरती थाळी) आणि चावी पिशवीत असू द्या. टर्नटेबल मोटरच्या उभ्या दांड्यावर घट्ट बसतं का, हे तिथेच बघायचं असतं.

शेवटी माळ्यावरून एक १०२ खाली आला. पेटी वाळवीने खाल्लेली, झाकण गायब, मोटर मात्र जागेवर. रिकामी मोटर फिरते म्हणून खूश होऊ नका. मी पूर्ण चावी दिली, घरून नेलेली बालगंधर्वांची तबकडी लावली आणि सुई टेकवून बाजू संपेपर्यंत ऐकली. शेवटी वेग मंदावला नाही. मधे दोनदा ढप्प झालं, ते स्प्रिंगचं ग्रीस वाळल्यामुळे. त्याला भ्यायचं कारण नाही. भ्यायचं ते गव्हर्नरला, म्हणजे वेग एकसारखा ठेवणाऱ्या भागाला. त्याची तीन वजनं सारखी उघडायला हवीत, पातळ पट्ट्यांना चीर नको, आणि कर्रकर्र आवाज आला तर मोटर परत करा. साडेचार हजारांना ठरलं.

घरी आल्यावर चावी पूर्ण उतरू दिली, मगच पाना लावला. स्प्रिंग मोटरमधल्या एका गोल डब्यात गुंडाळलेली असते; भरलेली स्प्रिंग त्यातून सुटली तर बोटं फाडते. डबा जाणत्याकडूनच उघडून घ्या. स्प्रिंगला ग्रॅफाइट ग्रीस, गव्हर्नरला पातळ तेलाचा एक थेंब.

वेग जुळवायला ७७ रेघांचं कागदी चक्र तबकडीवर ठेवून जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली बघायचं, सुई टेकवूनच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून रेघा स्थिर दिसल्या की मिनिटाला ७८ फेरे झाले. एलईडीखाली हे जमेलच असं नाही. एवढा खटाटोप का? साडेचार-पावणेपाच फेरे जास्त झाले की सूर अर्ध्या स्वराने चढतो, पेटीवरच्या पांढरी एकची काळी एक होते, आणि ऐकू येतो तो गाणाऱ्याचा आवाज राहत नाही.

जुनी मोटर मी टाकलेली नाही. तिच्या गव्हर्नरच्या पट्ट्या आणि वजनं तेल लावून डब्यात ठेवली आहेत.